वाकळ आणि वंशावळ

शिगमा सरतो, मेळ परततात, अंगणातल्या सारवणावरचा गुलाल पुसला जातो आणि चैत्राचे ऊन चढू लागते. पेडणे महालातल्या जुन्या घरांतील बायकांच्या कामाला या दिवसांत एकदम वेग येई, निदान आमच्या लहानपणापर्यंत तरी येत असे. पावसाळ्याचे चार महिने पुढे उभे असत. त्याआधी चिंच सोलून मीठ लावून तिचे गोळे करायचे, मिरच्या उन्हात घालायच्या, रातांब्यांची सोले करायची, आंब्याची साठे वाळवायची, पापड, कुळीथ, नारळ आणि सरपण यांची बेगमी करायची. गोव्यात या साठवणीला पुरुमेत म्हणतात आणि तिच्याविषयी हौसेने लिहिले-बोलले जाते. याच दिवसांत, याच बायका, दुपारची भांडी आवरल्यापासून दिवेलागणीपर्यंत आणखी एक काम करीत. घरातल्या वाकळी त्या उसवीत, धूत, वाळवीत आणि पुन्हा शिवीत. हे काम आपण डोळ्यांनी पाहिलेले असते, त्याची ऊब अंगावर घेतलेली असते; लिहून ठेवण्याजोगे मात्र ते आपल्याला क्वचितच वाटते.

वाकळ म्हणजे गोधडीच. देशावर गोधडी हा शब्द अधिक चालतो, कोकणात आणि गोमंतकात वाकळ. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत हाच शब्द वाकोल असा उच्चारला जातो. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने एकजीव करायचे, एवढीच तिची कृती. या कामाला वसंत लागतो तो दोन कारणांनी. पावसात जाड कापड वाळत नाही, आणि थरांत ओल राहिली की वाकळीला कुबट वास धरतो. दुसरे कारण जागेचे. सगळे थर सुरकुती न पडता पसरायला मोठी, कोरडी, सारवलेली जमीन हवी. मळणीचे काम संपून मोकळे झालेले खळे त्यासाठी उत्तम. आमचे आजोळ डिचोली महालातले. तिथे या कामाला एक मुदतही असे. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या लईराईची जत्रा. मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे घेऊन पै-पाहुणे घरी उतरणार. तेव्हा त्यांच्या अंथरूण-पांघरुणाची सोय त्याआधी झालीच पाहिजे, असा आजीचा दंडक होता.

या कामात श्रम किती, याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. गेल्या चैत्रात कागद-पेन्सिल घेऊन तो मांडला. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरांहून किंचित लांब होतो. दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवून काठाला काठ जोडला की अंगावर घेण्याइतका एक थर मिळतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर आणि तीन लुगड्यांत सहा थरांची भक्कम वाकळ. शिवण कडेपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे जाते. दोन ओळींमध्ये बोटभर, सुमारे दोन सेंटिमीटर, अंतर धरले तर एका मोठ्या वाकळीत धावदोऱ्याची लांबी सव्वादोनशे मीटरांच्या वर जाते. एक टाका आणि त्यापुढची रिकामी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला, तर टाके वीस हजारांहून अधिक भरतात. सहा थरांतून सुई वीस हजार वेळा खाली जाते आणि वर येते. रोजच्या दुपारी दोन तास मिळाले तर शिगम्यानंतर घेतलेली वाकळ जत्रेच्या सुमारास हातावेगळी होते, ती अशी.

हा हिशेब करण्याची वेळ आमच्यावर आली ती घराच्या निमित्ताने. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि पेडण्यातल्या जुन्या घरांची, भाटांची चौकशी करणारी माणसे आमच्याही दारी येऊ लागली. घर ठेवावे की विकावे, हा प्रश्न घराण्यात बरीच वर्षे तुंबून होता. त्याचा विचार करण्यासाठी गेल्या चैत्रात आम्ही सारे गावी जमलो. सारे म्हणजे खरोखरच सारे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून गोव्यात लागू झाली आणि तिच्यामुळे मुलींनाही वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा आहे. बहिणींच्या आणि आत्यांच्या सह्यांवाचून आमच्याकडे घराची एक कौलही विकता येत नाही. त्यामुळे पुण्याहून, बेळगावाहून, मुंबईहून सासुरवाशिणी आल्या आणि कित्येक वर्षांनी घर भरले.

ओसरीवर पुरुष मंडळींनी कागदपत्रांची पेटी उघडली. आमचे घराणे राजापूरकडून पेडण्यात आले तेव्हा हा महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १७८८मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला आणि नव्या काबिजादीचा भाग झाला. त्या स्थित्यंतराचे मोडी कागद, पुढले पोर्तुगीज दस्तऐवज, देवस्थानाच्या मानपानाची टिपणे, आणि एका चुलत आजोबांनी फार कष्टाने तयार केलेली सात पिढ्यांची वंशावळ पेटीत होती. वंशावळीचा कागद जमिनीवर पसरला की वडाच्या झाडासारखा दिसतो. तिच्यात कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक गेला, कोण काशीस गेला, हे सारे आहे. त्या झाडावर स्त्रीचे नाव एकही नाही. सुना नाहीत आणि लेकीही नाहीत. पणजोबांच्या मृत्यूनंतर झालेल्या इन्व्हेंताराची प्रतही पेटीत सापडली. तिच्यात तांब्याच्या हंड्यांची, समयांची, माडांची आणि पोफळींची मोजदाद आहे. अंथरूण-पांघरुणाचा उल्लेख नाही. त्याला मोल नव्हते, म्हणून नोंद नव्हती.

त्याच वेळी माजघरात बायकांनी दुसरी पेटी उघडली होती. तिच्यात पाच वाकळी निघाल्या. वरची उंदरांनी कुरतडलेली, खालच्या बऱ्या. एका भाच्याने सहज सुचविले की हे सगळे परसात नेऊन जाळून टाकावे. त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. फोमच्या गाद्या आणि धुलाईयंत्रात मावणारी पांघरुणे आल्यापासून घरात वाकळ कोणी वापरीत नाही. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आमच्या काकी तेव्हा खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चारांचं काय करायचं ते करा. ही जाड आहे ती माझ्या गाडीत ठेवा." ती वाकळ अशी पणजीला आली.

काकी आता मळ्यात लेकाच्या घरी राहतात. दुपारी झोप येत नाही म्हणून गेली काही वर्षे त्यांनी हा छंद पुन्हा धरला आहे. नातवंडांची दुपटी, पतवंडांच्या बाळंतविड्यातल्या छोट्या गोधड्या, शेजारच्या एका बाईंना उशीची अभ्रे, असे काही ना काही त्यांच्या हातात असते. फ्लॅटमध्ये खळे कुठून आणणार? जेवणाचे टेबल भिंतीला सरकवून, फरशीवर जुनी चादर अंथरून, त्यावर त्या थर पसरतात. सुई ओवून द्यायला नात लागते. टाका मात्र अजून सरळ जातो. गेला चैत्र-वैशाख आम्ही आठवड्यातून दोन-तीन दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसलो. निमित्त घराच्या कागदांवरील सह्यांचे होते. बघत होतो आम्ही वाकळ उसवली जाताना.

आम्हां मराठी मंडळींना जुन्या कागदाचे अप्रूप फार. म्हणून आधी कागदाचीच एक गोष्ट सांगतो. यान हुइघेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. मायदेशी परतल्यावर १५९६मध्ये त्याने आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातल्या व्यापाऱ्यांना हिंदुस्थानच्या वाटा ज्या पुस्तकाने दाखविल्या, त्यांपैकी हे एक. त्यात खंबायतच्या मालाचे वर्णन करताना रेशमाने आणि सुताने टाके घातलेल्या सुरेख पांघरुणांचा उल्लेख येतो, आणि त्यांची दोन नावे दिली आहेत. एक पोर्तुगीज, कोल्चा. दुसरे इथल्या तोंडून ऐकलेले, गोदोरिन. आपली गोदडी ती हीच. बंगालच्या सातगावकडे पोर्तुगीजांसाठी भरलेल्या रेशमी कोल्चाही याच काळात समुद्रमार्गे लिस्बनला जात. त्यांतल्या काही आज तिथल्या आणि लंडनच्या संग्रहालयांत जपलेल्या आहेत. राजवाड्यांसाठी केलेले ते काम टिकले. घरच्या माणसांसाठी केलेले टिकत नाही, कारण ते वापरले जाते. संस्कृतातली कंथा तर दारिद्र्याची आणि वैराग्याचीच खूण. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातला जोगी चिंध्यांची कंथा पांघरतो. त्या चिंध्या जोडल्या कोणी, हे कोणी विचारलेले नाही.

काकींची वाकळ एका वेळी शिवलेली नव्हती. जुनी वाकळ विरली की तिला फेकून न देता तिच्यावर-खाली नवे अस्तर चढवून पुन्हा शिवायची, अशी रीत होती. त्यामुळे जुने कापड आत आत जाते आणि नवे बाहेर राहते. काकी वरून एकेक थर सोडवीत गेल्या आणि तो कुणाचा, हे सांगत गेल्या. कापडावरून साल ठरविता येते असा आमचा दावा नाही. काकींची आठवण आणि आम्हांस ठाऊक असलेला गोव्याचा इतिहास ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, एवढेच.

सर्वांत वरचा थर १९८०च्या दशकातला, काकींनीच घातलेला. पॉलिएस्टरच्या दोन छापील पाचवारी साड्या. कापड अजून शाबूत, रंगही तसाच; तुटले होते ते टाके. कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषत नाही, विरत नाही आणि सुताच्या थरांशी मिळूनही येत नाही. त्यामुळे सारा ताण दोऱ्यावर येतो. काकी म्हणाल्या की ही त्यांची शेवटची मोठी वाकळ. नंतर घरात नऊवारी नेसणारे कोणी उरले नाही, आणि पाचवारीतून कापड ते किती निघणार?

त्याखाली पांढऱ्या-निळ्या तुकड्यांची एक पट्टी लागली. काकींच्या मुलींचे शाळेचे गणवेश. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकरांचे पहिले लोकनियुक्त सरकार आले आणि पुढच्या काही वर्षांत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ती हकीकत आपल्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या घरातल्या मुली चौथीच्या पुढे शिकल्या त्या याच काळात. गणवेशाच्या तुकड्यांचे टाके अंमळ वेडेवाकडे होते. ते त्या मुलींनीच घातलेले होते. मे महिन्याच्या सुटीत आईशेजारी बसवून त्यांना हात वळवायला लावीत.

पुढचा थर अंजिरी रंगाचा, बारीक काठाचा. काकींच्या लग्नातले शहापुरी लुगडे. बेळगावजवळच्या शहापूरची ही लुगडी दोन्ही बाजूंच्या मुलखात प्रतिष्ठेची होती. काकींचे माहेर सावंतवाडीकडचे आणि लग्न १९५७चे. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीच्या सरहद्दीवर सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालविल्या. भारत सरकारने केलेल्या नाकेबंदीने त्याच सुमारास ये-जा आवळली. जी माणसे तेरेखोल ओलांडून सकाळी जत्रेला जात आणि रात्री परतत, त्यांना परवान्यांच्या खेपा घालाव्या लागल्या. लग्नानंतर माहेरचे तोंड काकींना क्वचितच दिसले. त्या काळात गोव्याच्या बाजारात परदेशी नायलॉन मुबलक होते आणि काकांनी हौसेने त्याची साडी आणलीही होती. ती वाकळीत का नाही, असे विचारता त्या हसल्या. "त्याची ऊब कसली? ती बोहारणीला दिली. पातेलं आलं." माहेरचे लुगडे मात्र त्यांनी फाटेपर्यंत नेसले आणि फाटल्यावर आत घातले.

त्याच्या आतले टोपपदराचे इरकली लुगडे काकींच्या सासूबाईंचे, म्हणजे आमच्या आजीचे. आणखी आत गिरणीचा जाड मांजरपाट. आजीच्या सासूबाईंच्या वेळेस घरातला एक कर्ता पुरुष वेंगुर्ल्याहून आगबोटीने मुंबईस नोकरीला गेला होता. तो येताना ताग्यांचे तुकडे आणी, असे ऐकिवात आहे. कापडाच्या या ये-जा करण्याला राजकारणाचेही बोट होते. १८७८मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह होऊन दोन्ही मुलखांमधली जकात उठली आणि १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे ब्रिटिश हिंदुस्थानातला माल गोव्यात बिनजकाती येत राहिला. मोबदल्यात इंग्रजांनी मिठाचा व्यापार हाती घेतला आणि मिठागरवाल्यांचे कंबरडे मोडले. या तहावर मोठमोठे ग्रंथ आहेत. पेडण्याच्या एखाद्या घरात त्यामुळे लुगडे किती स्वस्त झाले आणि वाकळीत एक थर किती अधिक पडला, ते त्यांत सापडणार नाही.

सर्वांत आत काय आहे, हे काकींना आधीच ठाऊक होते. मांजरपाट सोडविताना त्यांचा हात मंदावला. आत एक तांबूस, जाडेभरडे, काठ नसलेले कापड होते. पुष्कळ जागी जाळी पडलेली, तरी धागा दाट. "हे आलवण," त्या म्हणाल्या. "सासूबाई सांगायच्या, आत्येचं म्हणून. कुठल्या आत्येचं, ते त्यांनीही कधी विचारलं नव्हतं."

आलवण हा शब्द आज तरुण वाचकांना कदाचित समजावून सांगावा लागेल. केशवपन झालेल्या विधवेने नेसावयाचे ते तांबडे वस्त्र. घराण्यातली एक लेक लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आली, सोवळ्यात राहिली, आणि तिथेच संपली. कायद्याने लेकीला वाटा मिळाला होता की नाही, याच्याशी तिचा कधी संबंध आला असेल असे वाटत नाही. स्वयंपाक, देवाची उपकरणी, बाळंतिणींची उठबस आणि दुपारची शिवण, असे तिचे आयुष्य गेले असणार. अशा बायका प्रत्येक जुन्या घरात होत्या आणि वाकळींतले पुष्कळसे टाके त्यांच्याच हातचे. मंगलकार्यात जिने पुढे यायचे नाही, तिचे वस्त्र बाहेरच्या थरात कोणी घातले नसते. आत घातले, कारण कापड जाड होते आणि टाकवत नव्हते. त्या वाकळीखाली पुढच्या चार पिढ्यांतली मुले निजली, आम्हीही निजलो.

घरी परतल्यावर आम्ही वंशावळीचा कागद पुन्हा उघडला. ती कोणाची बहीण असावी, याचा अंदाज दोन-तीन नावांपाशी करता येतो. पुढे जाता येत नाही. सुनांचे तर आणखी कठीण. आपल्यात लग्नात नाव बदलण्याची चाल; माहेरच्या नावाने शोधावे तर ते सासरी कोणी उच्चारीत नसे, सासरच्या नावाने शोधावे तर ते माहेरच्या कागदात नाही. आपण सांगतो की दिवाडीहून सप्तकोटेश्वर नार्व्याला आला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. देव कोणी नेले, पालखी कोणी धरली, याच्या कथा घराण्याघराण्यांत आहेत. नदी ओलांडताना कडेवर मूल घेतलेल्या बाईने बरोबर काय पांघरूण घेतले होते, हा प्रश्न आम्हाला वयाची साठी उलटेपर्यंत पडला नाही. याची आम्हांस लाज वाटली, हे इथे नमूद करतो.

घाटापलीकडे, यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोडच्या रानात, सिद्दी लोकांच्या बायका आजही वाकळी शिवतात. त्यांचा शब्द कवंदी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, त्यांतले कित्येक पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले. त्यांच्यापैकी पुष्कळ जण पळून जाऊन त्या जंगलात स्थिरावले. पोर्तुगीज मुलखातली गुलामगिरी रद्द करणारा हुकूम १८६९मध्ये निघाला आणि पूर्ण सुटका व्हायला १८७८ उजाडले. सिद्दी बायकाही शिवण कडेपासून आत नेतात आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले बसवितात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. २०११मध्ये या कवंद्यांचे प्रदर्शन अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे भरले. त्याच देशात अलाबामा प्रांतातल्या जीज बेंड या खेड्यातल्या, गुलामांच्या वंशातल्या स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. तिथे प्रत्येक गोधडीशेजारी ती शिवणाऱ्या बाईचे नाव लिहिलेले होते. ज्यांच्या पूर्वजांची नावे मालकांच्या वहीत माल म्हणून चढली, त्यांनी हे केले. सात पिढ्यांची वंशावळ मिरविणाऱ्या आम्हांला ते सुचले नव्हते.

काकींच्या नातीने आलवणाचा तुकडा बाहेर ठेवून चौकटीत बसवावा असे सुचविले. आम्हीही तिच्या बाजूचे होतो. एखाद्या संग्रहालयात द्यावा, असे आमच्या मनात येऊन गेले. काकींनी दोघांचेही ऐकले नाही. "ती माणसांत राहिली इतकी वर्षं. आता भिंतीवर कशाला टांगता?" त्यांनी जाळी पडलेल्या जागी मऊ सुती कापडाचे ठिगळ दिले आणि आलवण होते तिथेच, मध्ये ठेवले. त्यावर मांजरपाट, इरकली, शहापुरी, गणवेश, सारे क्रमाने. पॉलिएस्टर काढून टाकले आणि वरून स्वतःची एक विटलेली सुती साडी घातली. वस्तुसंग्राहकाच्या दृष्टीने हे गैर असेल. जुने कापड नव्या टाक्यांनी आणखी झिजणार, हे आम्हांसही कळते. पण वाकळ कोणाची, हा प्रश्न होता तेव्हा तिथे बसलेल्यांपैकी उत्तर देण्याचा अधिकार एकीलाच होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी मान्य केली. वाकळीच्या मागल्या अंगाला हातभर लांब पांढरी पट्टी जोडली आणि तिच्यावर तांबड्या दोऱ्याने नावे घातली. ज्या ज्या बाईचे लुगडे आत आहे, तिचे आधी माहेरचे नाव, मग सासरचे. आजीचे माहेरचे नाव बेळगावच्या आत्याला फोन करून विचारावे लागले. पणजीचे एका जुन्या पत्राच्या मायन्यात सापडले. काकींनी स्वतःचे माहेरचे नाव सांगितले तेव्हा खोलीत बसलेल्या त्यांच्या मुलानेही ते प्रथमच ऐकले. ते इथे छापायला त्यांची परवानगी नाही. पट्टीच्या शेवटी "आत्ये" एवढाच शब्द आहे आणि त्याच्यापुढे जागा कोरी सोडली आहे.

मृगाच्या आधी दोन दिवस वाकळ पुरी झाली. घराचा निर्णय अजून झालेला नाही. सह्यांपैकी दोन व्हायच्या आहेत आणि त्या दोघी अडून बसल्या आहेत. पूर्वी आम्हाला त्यांचा राग येई. आता येत नाही. वंशावळीची नवी प्रत करण्याचे काम आम्ही हाती घेतले असून तिच्यात लेकी आणि सुना, दोन्ही नावांनिशी, येतील. झाड कागदावर मावणार नाही, अशी चुलतभावांची तक्रार आहे. कागद जोडून घेऊ.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर, फळीवर, गावच्या पेटीत अशा वाकळी असतील. या वसंतात त्या उन्हात घालाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना शेजारी खुर्ची द्यावी, आणि हातात वही घेऊन बसावे. थर उसवण्याचीही गरज नाही. काठ कुठे कुठे दिसत असतात, त्यावरून त्या सांगतील. सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. काकींची वाकळ सध्या त्यांच्या धाकट्या पतवंडाच्या पाळण्याशेजारी घडी करून ठेवलेली असते. आषाढातल्या एका रात्री पाऊस फार होता, वीज गेली होती. तेव्हा ती उलगडली गेली.